दानम्माची शुगर

...मग तुमीच सांगा, खरं कुणाचं धरायचं? आज सकाळी एका बाईची, एकाच हाताची तीन बोटं टोचली, तर २१२, १८७ आन् २३१! तुमाला सांगतो, मी सोमलिंग, टेलर माणूस. छाती अडतीस म्हंजे अडतीस, कुठूनबी टेप लावा! पण आमच्या दानम्माची शुगर... आठवड्याला तीन डायलिसिस, घरी शुगरच्या मशीनवर आकडा बघायचा आन् इन्शुलिनची सुई मी द्यायची. कागदावर लिवून दिलंय, अडीचशेच्या वर गेली की दहा युनिट.

गेल्या मंगळवारी दुपारी मशीन म्हणालं २६८. दिली दहा! बाईनं दोन घास खाल्ले आन् ताट सरकवलं, "साकु री, पुरे आता, मळमळतंय." तासाभरानं बघतो तर घामानं थबथबलेली, आन् मलाच म्हणती, "शिवप्पा, कवा आलास?" शिवप्पा तिचा भाऊ हो! छत्तीस वर्षं तिचा नवरा मी... पळालो, बोट टोचलं. ८४! मशीन म्हणतंय ठीक, बाईची मान लवंडलेली, खरं कुणाचं धरायचं? शेजारची महानंदा वरडली, "मामा, आकडा काय बघताय, साखर घाला तोंडात!" घातली. रिक्षा, दवाखाना. तितं मशीन म्हणालं ८९, आन् शिरेतलं रक्त लॅबमधनं आलं ६३!

डॉक्टर ऋतुजा मॅडम, पोरीच्या वयाच्या, गोड आवाजात, "काका, मावशींचं रक्त फार कमी आहे ना, म्हणून हे मशीन साखर जास्त दाखवतं. आणि किडनी चालत नाही, त्यामुळे इन्शुलिन अंगात रेंगाळतं."

"मग तो तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट? सहा पॉइंट एक आलाय की! पेढे आणणार होतो!"

"डायलिसिसवाल्यांचा तो कमीच येतो, काका. त्यावरही जाऊ नका."

घ्या! एक वाढवून सांगतंय, एक कमी करून. म्हणलं, "दोघांच्या मधला धरू?" मॅडम हसल्या. मला न्हाय आलं हसू... ते दहा युनिट मीच टोचले होते की, ह्या हातानं.

आता डोस निम्मा केलाय. मॅडम म्हणाल्या, "नुसता आकडा बघू नका, मावशींनाही विचारत जा." म्हणून विचारतो, घटकेघटकेला, "दानम्मा, कसं वाटतंय गं?"

"बरं हाय."

ताप असला तरी बरं हाय, चार तास डायलिसिसच्या सुया टोचून घेऊन आली तरी बरं हाय! आता हे 'बरं हाय' कुठल्या लॅबला नेऊन तपासू?