जातो म्हणणारा ब्रदर

मी मूळचा बोरी अरब गावचा. आवाज पातळ, म्हणून गावच्या नाटकात बायांची कामं मलेच भेटत, नऊवारी नेसून आलो की म्हातारे सरकून पुढं बसत, काय सांगू तुम्हाले. मंग मिशी फुटली, राणीचं राज्य गेलं आन् मी नर्सिंगले गेलो. मिशीवाला नर्स पाहून लोक आधी हसतात, मंग ब्रदर म्हणतात. लहान पोराईच्या मानसिक वार्डात लागलो, तिथंच केस पिकले.

तिथं मयुरी आलती, सात-आठ वर्षांची, पांढरकवड्याहून तिच्या मावशीनं आणलेली. मायनं पोरीले बसस्टँडवर बसवलं आन् गेली ते गेलीच. मयुरी कोणाच्याबी मांडीवर बसे, कोणालेबी हात देई, पण कोणाले काही मागे नाही, रडे नाही. फक्त कोणी वार्डातून निघालं की खाटेखाली घुसे, अंग लाकडावानी. मावशी म्हणे, बाहेरचं लागलं हाय.

मी तिले टॉवेलाचा पदर घेऊन नाटकातली राणी करून दाखवो. एक दिवस ड्युटी संपली, तं मी पदर सावरून, आमच्याकडच्या बाया म्हणतात तसं ठसक्यात म्हनलं, येतो बरं मयुरीबाई. तिनं असा चावा घेतला, हा पाहा, वण अजून हाय. मावशी धावली, म्हणे, दादा, तिची मायबी हेच बोलली होती, बस इथं, येतो मी. मी हाताचं दुखणं विसरलो. म्हंजे आम्ही सारेच रोज येतो, येतो म्हणून तिले पुन्हा स्टँडवर बसवून राह्यलो होतो.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, जाणार ते खरं सांगा, कधी येणार तेबी सांगा, आन् तसंच या. दुसऱ्या दिवशी मी म्हनलं, मयुरी, मी जातो, सकाळी चहाच्या वेळी येईन. मावशीनं तोंडावर हात ठेवला. अहो, जातो म्हणते काय कोणी, जातो तं मेलेलं माणूस. पोरगी खाटेखाली गेली, पण तोंड बाहेर ठेवून. सकाळी मी चहाच्या आधीच दारात.

काही आठवडे असंच. पण पोरगी न्यायची होती मावशीले, आन् मावशी काही केल्या जातो म्हणे ना. बहीण निघून गेली, आता मी तोंडानं जातो म्हणू काय? नाही जमलं तं वसतिगृहात टाकतो. मी म्हनलं, टाका, तिथं तरी कोणी खरं बोलेल. लय रडली, लय बोलली मले. मंग पदर खोचून पोरीपुढं उभी राह्यली, म्हणे, मयुरे, कापूस वेचाले जातो. बाजारच्या दिवशी येईन.

मयुरी खाटेवरच बसून राह्यली. म्हणे, भजे आणजो.

पहिल्यांदाच कोणाले काही मागितलं तिनं. बाजारच्या दिवशी मावशी आली, भजे गार झालते. पोरीनं आधी मावशीले नीट पाहून घेतलं, मंग पुडकं उघडलं.

आता ती मावशीकडंच हाय, शाळेत जाते. मीच सुटलो नाही. स्टँडवर एकटं बसलेलं पोर दिसलं की माही गाडी थांबते, त्याची माय तिकीट काढून येईपर्यंत पाय निघत नाही. एका बाईनं तं मले पोरचोर समजून चप्पल काढली होती. घरून निघताना जातो म्हणतो, बायको रोज भांडते, आन् दाराआडून विचारते, किती वाजता.

निघून राह्यले ना तुम्हीबी? जातो म्हणा, मले चालते. सुखरूप जा. फक्त कधी येणार, तेवढं सांगून जा.