चाळीस हजार चाहत्यांचा बँड

चहा घ्या, सांगतो. माझा नातू रोहन खराडीत नोकरी करतो आणि मित्रांच्या बँडमध्ये गातो. पहिल्या कार्यक्रमासाठी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीचा हॉल मागायला आम्ही सेक्रेटरींकडे गेलो. रोहनने मोबाइलवर बँडचे चाळीस हजार चाहते दाखवले.

सेक्रेटरी म्हणाले, "हॉलमध्ये खुर्च्या शंभर. बाकीच्यांना काय माझ्या घरी बसवू? हॉल मिळणार नाही."

रोहनचा चेहरा पडला. "काका, ते विकत घेतलेत. खरे येणारे बाराच."

मला हे तेव्हाच कळलं.

"त्यातले घरचे किती?" सेक्रेटरींनी विचारलं.

"दहा."

सेक्रेटरींनी हॉलची किल्ली रोहनच्या हातात ठेवली.

"मी आणि आमची ही धरून चौदा. आणि वेळेवर सुरू करा, गर्दीची वाट बघू नका."