खाली कोण होतं

लक्षात ठेवायचं तर नीट ठेव – सन दोन हजार चोवीस, हिवाळा सरत आलेला, फेब्रुवारीचा दुसरा रविवार, दुपारी जेवणं उरकल्यावर. त्या दिवशी मी, वय वर्षं त्र्याहत्तर, माझ्या राहत्या घरात चार पोरींच्या तळहातांवर उभा राहिलो आणि छताला हात लावून खाली आलो. हसतोस काय? हस. मीही हसलो. सून तर ओट्याला धरून हसली. पण तू आधी नीट बस लंबू, त्या टोकाला नको, इथे – खांद्याला टेकायला भिंत आहे. स्पर्धेत आपल्या पोरींचं सुरू व्हायला वेळ आहे अजून. या लाल कपड्यांतल्या दुसऱ्या शाळेच्या. आपल्या निळ्या.

तर चिअरलीडिंग. हा शब्द तोंडात बसवायला मला तीन आठवडे लागले. नात पंधरा वर्षांची, तिने एका संध्याकाळी जेवताना कागद पुढे ठेवला – शाळेकडून स्पर्धेत उतरायला बापाची सही हवी. मुलाने वाचला, घडी घातली, म्हणाला, नाही. का नाही? पडशील. सून म्हणाली, गुडघे जातील, अभ्यास जाईल, आणि एवढुशा झग्यात चार लोकांसमोर – पुढचं तिने घासाबरोबर गिळलं. पोरगी रडली नाही, भांडली नाही, नुसती बोलायची थांबली. माझ्यावर गेली आहे. चार दिवस घरात भांडीच काय ती बोलत होती. पाचव्या दिवशी मुलगा म्हणतो, तो कागद कुठे गेला कोण जाणे, हरवला. सही सोमवारपर्यंत द्यायची होती. कागद हरवला म्हणजे प्रश्न मिटला. साधा माणूस आहे माझा मुलगा, पण खोटं बोलताना कान लाल होतात.

मग नात माझ्याकडे आली. आजोबा, तुम्ही बाबांना सांगा. मी म्हटलं, मी न पाहिलेल्या कामाची हमी देत नाही. आयुष्यात दिली नाही – हं, हं, कळलं तू असा का बघतोस ते, पुढे ऐक. गेलो तिच्याबरोबर शाळेच्या सभागृहात. आधी गादी पाहिली, टाचेने दाबून. बरी होती. मग शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, पडली तर कोण धरतं? त्यांनी बोट दाखवलं – ही, ही आणि ती. नावानिशी. मला बरं वाटलं. आपल्या बांधकामाच्या परांचीवर कुणी असं नावानिशी सांगितलं होतं का कधी? वासे बांधा, चढा, देव आहे. मग पोरींनी एकीला वर चढवलं, आणि मी काय पाहिलं सांगू? मी वरचीकडे बघितलंच नाही. वरची सगळेच बघतात. मी खालच्या बघितल्या. नात खालची आहे, पायाची. मान वर, डोळा वरचीच्या घोट्यावर, घाम पापणीत उतरतोय तरी पापणी हलत नाही. मी तीस वर्षं परांची बांधली, अशी नजर एकाच माणसाची पाहिली. बाईंना म्हटलं, तिसरीचे पाय जवळ पडतायत, वीतभर फाकवा. त्यांनी फाकवले. डगमग गेली. बाई म्हणाल्या, तुम्ही कुठे शिकलात? मी म्हटलं, दुसरीपर्यंत. सगळ्या पोरी खिदळल्या, मीही – या वयात, भर सभागृहात. घरी येताना चालत नव्हतोच मी, तरंगत होतो.

रविवारी खालच्या चौघी आणि वरची, सगळ्यांना घरी बोलावलं. मुलाला म्हटलं, बस आणि बघ. टेबल भिंतीला लावलं, खालती गाद्या अंथरल्या. वरची पोरगी सर्दीने आली नव्हती. मग चढणार कोण? मी म्हटलं, मी. त्रेपन्न किलो, अंगात फक्त हाडं आणि हट्ट. मुलगा म्हणाला, आप्पा, वेड लागलंय का तुम्हाला? सून म्हणाली, अहो, चढू द्या, उगाच मनात राहायला नको. चढलो. नात म्हणाली, आजोबा, खाली बघू नका, अंग ताठ ठेवा, आणि आम्हाला शिकवू नका. मला म्हणाली. एक, दोन, तीन – आणि लंबू, मी वर. छत हाताला लागलं. पंख्याच्या पात्यावर बोटभर धूळ, ती सुनेला तिथूनच दाखवली. आणि डावीकडे बघतो तर कपाटाच्या माथ्यावर, चपलांच्या जुन्या खोक्याखाली – कागद. तोच. घडी घातलेला. उचलला आणि कागदासकट खाली आलो. सुनेने कागद बघितला, नवऱ्याचे कान बघितले, आणि ती जी हसत सुटली, ती ओट्यापर्यंत. मला वाटलं, जिंकलो. पेन शोधायला लागलो.

तर मुलगा म्हणाला – मोठ्याने नाही, हळूच – आप्पा, तुमचं वेगळं. तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली आणि मांजरासारखे पायांवर उभे राहिलात. मी नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून ऐकतोय. सगळे तुमच्यासारखे नसतात. माझी पोर पडली तर पडेलच.

हे असं आहे. मी छत्तीस वर्षं जी फुशारकी मारली, ती माझ्याच नातीच्या आडवी आली. आणि तिसरा मजला कुठला? दुसरा होता. तिसरा मीच केला, एखाद्या लग्नात.

पोरी उभ्या. सून ओटा सोडून दारात आलेली. नात माझ्याकडे बघतेय – त्याच नजरेने, घोट्यावर ठेवतात त्या. मी म्हटलं, उडी मारली नव्हती. घसरलो. कमरेला दोर बांधायचा असतो, मी बांधला नव्हता, उन्हाचा काचतो म्हणून. खाली एक माणूस होता. त्याने घमेलं टाकलं आणि हात पसरले. मी त्याच्यावर पडलो, उठलो, कपडे झटकले. तो उठला नाही, खांदा मोडला होता. मुकादम धावत आला, तेव्हा दोराचं कळलं तर काम जाईल म्हणून मी म्हटलं, मी उडी मारली, हा मध्ये आला. मुकादमाने तेच सगळीकडे सांगितलं – लंब्या मध्ये मध्ये करतो, त्याचीच चूक. आणि मी गप्प राहिलो. त्या हाताने त्याने पुन्हा वासा उचलला नाही. कुठल्याशा फाटकावर रखवाली करून दिवस काढले त्याने. मी रस्ता बदलून जायचो.

मुलगा म्हणाला, म्हणजे खाली कोणीतरी होतं. मी म्हटलं, असतं. नुसतं असून भागत नाही, बघत असावं लागतं. आपली पोर बघते. त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. अशी दाबून केली की कागद फाटतो की काय. पोरींनी जो गिल्ला केला, खालच्या मजल्यावरचे वर आले. नात तेवढी ओरडली नाही. जवळ येऊन म्हणाली, आजोबा, त्यांना बोलावलंत का कधी? म्हणून तुला निरोप. तू येशील वाटलं नव्हतं. आलास. सदरा नवा दिसतोय.

पुढच्या रांगेत बसलाय तो माझा मुलगा. त्याच्या कानावर पडलं तर पडू दे, त्याला ठाऊकच आहे. तुला मात्र मी कधी तोंडाने – थांब, निळ्या आल्या. डावीकडून दुसरी, वेणी घातलेली, ती आपली. वरचीकडे बघू नकोस, ती पोचेल. आपलीची नजर बघ. बघितलीस? कुणाची आठवण येते? उचलली – उचलली, लंबू, हललीसुद्धा नाही – आता सोडतील – झेलली.

हात सोड, मी ठीक आहे. डोळ्यात काही गेलं नाही.

ऐक. दोर मी बांधला नव्हता. चूक माझी होती. तू मला झेललंस.