रविवारच्या गाडीनं

(दक्षिण फ्रान्स. एरो नदीकाठचं एक कॅम्पिंग, जुलैतली गुरुवार दुपार. अर्धवट उभारलेला तंबू. सत्तरीची ओडेट आणि तिचा जावई लोइक. नंतर कॅम्पिंगची मालकीण रेजिन.)

ओडेट : एलोदी रविवारी येतेय, असं रेजिनला कुणी सांगितलं?

लोइक : मी.

ओडेट : तू.

लोइक : ती दोरी जरा ताणून धरा, ओडेट. खुंटी सुटतेय.

ओडेट : खुंटी गेली खड्ड्यात! मी तिकडे नळावर टोमॅटो धुतेय आणि रेजिन मागून येऊन खांद्यावर हात टाकते. म्हणते, ‘लेक रविवारच्या गाडीनं येतेय ना? तोवर जावयाला उपाशी ठेवू नका हं!’ टोमॅटो हातातच फुटला माझ्या.

लोइक : मग तुम्ही काय म्हणालात?

ओडेट : काय म्हणणार? नळ बंद केला.

लोइक : हं.

ओडेट : हं काय, हं? फेब्रुवारीत आपण दोघांनी तिला घरी, रोआनच्या मातीत ठेवलं. माझी लेक, तुझी बायको. ऑफिसच्या जिन्यात डोक्यातली शीर फुटली आणि खाली पोचायच्या आत संपली. अन् तू इथं येऊन तिला गाडीत बसवतोस?

लोइक : मुद्दाम नाही बसवलं. आपण आलो तेव्हा तुम्ही मोटारीत झोपला होतात. मी जागेचा नंबर विचारायला आत गेलो. रेजिन म्हणाली, ‘आणि आमची एलोदी कुठाय?’ म्हटलं, आता सांगायचं. तोंड उघडलं. तर बाहेर पडलं, ‘कामात अडकलीय, रविवारी येते.’

ओडेट : आपोआप?

लोइक : आपोआप. शेजारी उभं राहून कुणी दुसराच बोलल्यासारखं. मीही ऐकलं.

ओडेट : यायचंच कशाला होतं आपण! मी म्हणाले होते तुला.

लोइक : जागा तिनंच सांगून ठेवली होती. गेल्या वर्षी निघताना. गुहा, मठ, नावासेलचा कडा, सगळं नेहमीसारखं करायचं म्हणून.

ओडेट : ते राहू दे. जा आणि सांग तिला.

लोइक : उद्या सांगतो.

ओडेट : आत्ता. तंबू पडला तर पडू दे. हे बघ, ती स्वतःच येतेय. तुझ्यानं होत नसेल तर मी सांगते. मी काही मेणाची नाही.

रेजिन : काय हो पाहुणे, अजून तंबू उभा नाही? इतकी वर्षं येताय आणि खुंटी अजून वाकडीच! घरांवर कौलं चढवतो म्हणे हा माणूस. देव त्या घरांचं भलं करो. हे घ्या, जर्दाळू. आमच्याच झाडाचे. एलोदीसाठी राखले होते, पण या उन्हात रविवारपर्यंत टिकायचे नाहीत. तुम्हीच संपवा.

ओडेट : रेजिन, थांबा एक मिनिट. एलोदीचं जरा बोलायचं होतं.

रेजिन : गुडघा ना? मी तेच विचारणार होते! गेल्या वर्षी त्या गुहेच्या पायऱ्यांवर घसरली आणि लंगडत लंगडत घरी गेली बिचारी. ऑपरेशन करावं लागलं की काय?

ओडेट : नाही… नाही. बरा आहे आता गुडघा.

रेजिन : दुखत नाही ना?

ओडेट : आता काही दुखत नाही तिला.

रेजिन : सुटले मी! माझा नवरा म्हणतच होता, ती नसली तर गोळे फेकायच्या खेळात मला हरवणार कोण? सगळे मुद्दाम हरतात त्याच्यापुढे, भांडखोर आहे ना. येते मी. सात नंबरच्या डच लोकांनी पुन्हा फ्यूज उडवलाय.

लोइक : गुडघा बरा आहे?

ओडेट : गप्प बस. दे ती दोरी इकडे.

*

ओडेट : इथं उन्हात बसू. त्या गुहेत हाडं गारठली माझी.

लोइक : पाणी घ्या.

ओडेट : गाइड पोरीनं गोष्ट सांगितली, ऐकलीस? दरवर्षी सांगतात आणि मी दरवर्षी छताचे सुळके बघत बसते. आज ऐकली.

लोइक : धनगराची?

ओडेट : धनगराची. पोरगा वर पठारावर मेंढरं राखतो, आई खाली झऱ्याशी राहते. पोरगा वरच्या विवरात काठी टाकतो आणि ती जमिनीच्या पोटातनं वाहत आईच्या हाती लागते. मग काय, तो काही ना काही पाठवत राहतो. एकदा तर कोकरू. आणि एक दिवस पाण्यातनं तो स्वतःच येतो, मेलेला. ती आई अशी किंचाळली, की त्यावरून गुहेला नाव पडलं म्हणे.

लोइक : लोकांना सांगायला काहीतरी लागतं.

ओडेट : लागत असेल. मी नव्हते रे किंचाळले. डॉक्टर बोलत होता आणि मी त्याच्या कोटाचं लोंबतं बटण बघत होते. मनात आलं, याच्या घरी सुईदोरा नाही का? पोटची पोर गेली आणि मी बटण बघतेय. कसली आई म्हणायची ही!

लोइक : मी तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. छपरावर चढलो. कौलांची रांग इतकी सरळ आली, की मालक खाली उभा राहून बघत होता.

ओडेट : माझी बहीण तुला दगड म्हणाली. तोंडावर.

लोइक : बरोबरच म्हणाली.

ओडेट : आता वाटतं का काही?

लोइक : सकाळी सँ-गिलेमच्या मठात ती लावायची तशी मेणबत्ती लावली. काडी बोटापर्यंत जळत आली. वास आला तेव्हा कळलं.

ओडेट : दाखव बोट. अरे, फोड आलाय की!

लोइक : दुखत नाही.

ओडेट : तुला सांगू? काल रेजिनशी ते गुडघ्याचं बोलले ना, त्यानंतर मी पोटभर जेवले. अख्खा सॉसेज खाल्ला. किती महिन्यांनी अन्नाला चव लागली.

लोइक : खोटं बोलून.

ओडेट : खोटं बोलून. आत्ता ती रोआनला आहे. ऑफिसात पंखा बंद पडलाय म्हणून साहेबावर कावतेय. बॅग अजून भरलेली नाही, ऐन वेळी भरेल आणि टॉवेल विसरेल. रविवारपर्यंत असू दे की तसंच. कुणाचं काय जातंय?

लोइक : असू दे.

*

ओडेट : कठड्याच्या पलीकडे कशाला गेलास?

लोइक : इथनं खालचं गाव नीट दिसतं.

ओडेट : इथनंही दिसतं. मूठभर घरं आणि भोवती नदीनं सोडून दिलेली ती गोल हिरवी वाट. नावासेल आहे, पळून जात नाही. ये इकडे.

लोइक : ओडेट, मला लोरियाँला काम मिळतंय. भावाकडे. सप्टेंबरपासून.

ओडेट : लोरियाँ. म्हणजे पार समुद्राच्या टोकाला.

लोइक : हो. सांगायचं राहून जात होतं.

ओडेट : मग जेवताना सांगायचं. हे असं कड्यावर उभं राहून सांगतात?

लोइक : इथं आल्यावर पूर्वी पोटात गोळा यायचा माझ्या. छपरावर कधी येत नाही, इथं यायचा. एलोदी हसायची. मघापासून खाली बघतोय, काहीच होत नाही. अजून थोडं पुढं गेलं तर होईल.

ओडेट : लोइक.

लोइक : नुसता बघतोय.

ओडेट : लोइक, पोरा, ऐक. आहेस तिथंच थांब. मी ओरडणार नाही, मला ओरडता येत नाही ते तुला ठाऊक आहे. पण मला इथं उभं राहवत नाहीये. या दगडाला धरून उभी आहे आणि हा दगड हलतोय. तू येऊन धर मला. तुला काही वाटत नसेल तर नसू दे. मी मात्र पडले तर खाली गावात कुणाच्या तरी घरावर पडेन, आणि माझं वजन तू पाहतोसच. छप्पर तुलाच दुरुस्त करावं लागेल.

लोइक : …आलो.

ओडेट : हळू. तिकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.

लोइक : आलो, आलो. धरा हात.

ओडेट : घट्ट धर.

लोइक : धरलाय. दगड हलत नाहीये हा.

ओडेट : नाही हलत. मीच हलतेय. भीती वाटली रे मला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, तर ही मेली भीती!

लोइक : मी उडी नसती मारली.

ओडेट : मला माहीत नाही. तुला माहीत आहे?

लोइक : …नाही.

ओडेट : मग तसं म्हणू नकोस. घरी पोचलो की आधी डॉक्टरकडे जायचं. जे झालं ते सगळं सांगायचं, हे इथलंसुद्धा. मी बाहेर बाकावर बसेन.

लोइक : तुम्ही कशाला?

ओडेट : तू मागच्या दारानं सटकू नयेस म्हणून.

लोइक : जाऊ.

ओडेट : आणि लोरियाँलाही जा. मी अडवणारी कोण? मुलगी असते म्हणून जावई असतो. मुलगीच नाही, तर आपण एकमेकांचे कोण, ते सांग बघू. तुझ्या फोनमध्ये मी काय नावानं आहे? सासूबाई?

लोइक : ओडेट.

ओडेट : नुसतं ओडेट?

लोइक : पहिल्यापासून नुसतं ओडेट.

ओडेट : हं. बरं. सोडू नकोस हात, मोटारीपर्यंत असाच चल.

*

रेजिन : अहो, गाडी किती वाजताची आहे ते सांगून ठेवा! मोंपेलिएला स्टेशनवर मीच जाते तिला आणायला. तुमच्या त्या खटाऱ्यात पोरगी भाजून निघेल. माझ्या मोटारीत निदान गार हवा लागते.

ओडेट : रेजिन, जरा बसा इथं पायरीवर.

रेजिन : बसायला वेळ कुठाय? रविवार आहे, निम्मे लोक जातायत, निम्मे येतायत.

लोइक : मी सांगतो, ओडेट.

ओडेट : सांग.

लोइक : गाडी नाहीये, रेजिन.

रेजिन : संप! झाला का पुन्हा सुरू? ऐन सुट्टीत बरा यांना संप सुचतो…

लोइक : संप नाही. एलोदी येणार नाहीये.

रेजिन : भांडलात होय! तरीच म्हटलं, तोंडं का अशी उतरलीत. अहो, नवरा-बायकोचं भांडण ते. फोन लावा तिला, मी बोलते. माझं ऐकते ती.

लोइक : एलोदी मेली. फेब्रुवारीत. मी तुम्हाला खोटं सांगितलं.

ओडेट : मीही. ते गुडघ्याचं.

रेजिन : काय बोलताय तुम्ही?… नाही. अहो, नाही हो. तिची नेहमीची खुर्ची मी कालच पुसून… निघताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली होती, पुढल्या वर्षी मला जर्दाळूचा मुरंबा शिकव… इतकीशी तर पोर… देवा रे…

लोइक : ओडेट.

ओडेट : काय?

लोइक : हे मी पहिल्यांदा म्हटलं. मेली. आजवर ‘गेली’ म्हणायचो. नाहीतर काहीच नाही.

ओडेट : ऐकलं मी. नीट म्हणालास.

लोइक : किती रडतेय ती!

ओडेट : हो. अ‍ॅप्रनमध्ये तोंड खुपसलंय तरी नदीपर्यंत ऐकू जात असेल.

लोइक : वर्षातनं पंधरा दिवस भेटायच्या दोघी.

ओडेट : तेवढ्यावर बघ.

लोइक : पाणी आणून देऊ का तिला?

ओडेट : देशील. थांब जरा. मला ऐकू दे.