जोडी बदलून हवी

—खळ्ळ! असा वाजला तो, बाई. पत्र्याच्या डब्यात कप पडला की असाच वाजतो, बशीचा आवाज जरा पसरट येतो — मला नाही कळणार तर कुणाला, एकतीस वर्षं कौन्सिलच्या कचऱ्याच्या गाडीवर होतो मी. बसा हो, शनिवारच्या ह्या मेंटरिंगमधून तुमची दिया सुटायला अजून दहा मिनिटं आहेत. तर त्र्याहत्तर साली इथं लंडनात, इल्फर्डला, आपल्याच एका मराठी घरी खोली बघायला गेलो होतो. चहा दिला त्यांनी, गाव विचारलं, आडनाव विचारलं — मी सांगितलं. मग म्हणाले, खोलीचं कळवतो. मी दाराबाहेर बूट घालतोय, आणि बाजूच्या बोळात हा आवाज. मी प्यायलेला कप. धुतलासुद्धा नाही, सरळ डब्यात.

आज हे का सांगतोय? का, ते तुम्हाला ठाऊक आहे. तीन शनिवारांपूर्वी ह्याच बाकावर तुम्ही मला विचारलंत, "काका, दियाची मेंटर, ती ऋजुता, कुठली हो? बिल्ल्यावर नुसतं पहिलं नाव असतं." आणि मी बावळट — खुललो! म्हटलं, आमच्या विहारातलीच की, तिचे आजोबा नागपूरचे, चौदा एप्रिलला भाषण काय सुंदर करते पोरगी! तुम्ही हसलात. "हो का?" म्हणालात. आणि सोमवारी तुमचा ईमेल — दियाला दुसरी मेंटर द्या, आमच्या कल्चरला जवळची. कार्यक्रम चालवणारी बाई इंग्रज, तिला काय कळणार? तिला वाटलं एक गुजराती असेल, एक तमिळ असेल. बदलून दिली जोडी. तिला नाही कळलं, बाई. मला कळलं.

काय बिघडलं म्हणता? दिया सप्टेंबरात मोठ्या शाळेत गेली ना, तेव्हापासून डबा कुठं खात होती, ठाऊक आहे? टॉयलेटमध्ये. दार लावून. कुणी शेजारी बसू देत नव्हतं म्हणून. हे — हे मी बोलायला नको होतं. ऋजुतानं कुणाला नाही सांगितलं, मी इथं शनिवारी खुर्च्या लावतो ना, तेव्हा दाराशी ऐकलं, ते माझं पाप. पण त्या पोरीनं काय केलं? त्याच शाळेत वरच्या वर्गात आहे ती. आपल्या मैत्रिणींचं टेबल सोडलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज दियाशेजारी जाऊन बसली. डायनिंग हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. सातव्या शनिवारी दिया आत मोठ्यानं हसली — तुम्ही इथंच फोनवर होतात — आणि मला इतकं बरं वाटलं, की तुम्ही विचारल्यावर सगळं भडाभडा सांगून बसलो.

किळस म्हणजे काय, मला विचारा. मेलेलं मांजर उचललंय मी ह्या हातांनी, उन्हाळ्यातल्या मासळीच्या पिशव्या फुटल्यात अंगावर — घरी येऊन आंघोळ केली की गेलं. हे जात नाही. पुण्याहून इथवर आलात, मेडनहेडला एवढ्या मोठ्या कंपनीत, घर पिनरला, आणि सामानात हे घेऊन आलात? वजन नाही झालं?

आणि किळस तुमचीच येते असं नाही. त्या कपानंतर मी दुसरीकडं खोली घेतली ती खोटं आडनाव सांगून. अकरा महिने. त्यांच्या गणपतीला पुढं उभा राहून आरती म्हटली, घरातल्या म्हातारीनं 'आपल्यातला गुणी मुलगा' म्हणून पाठीवरून हात फिरवला — आणि मी फिरवू दिला. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही हो, गिरिजा गेली तरी. तेव्हापासून कुणीही विचारलं की खरं सांगायचं, लगेच सांगायचं, असं ठरवलेलं. माझ्या त्या खरेपणाचं ओझं पडलं कुणावर? सोळा वर्षांच्या पोरीवर.

ती आत बसलीय, मागच्या खोलीत. फॉर्म भरतेय — जोडी संपली की भरायचा असतो. 'मी अधिक चांगलं काय करू शकले असते?' अर्धं पान लिहिलंय! मला तिच्या मोडक्या मराठीत विचारते, "आजोबा, माझा काय चूक झाला? मी खूप बोलते का?" मी तोंड फिरवलं. तिच्या आईबापांनी हा शब्द सोळा वर्षं घराच्या उंबऱ्याआत येऊ दिलेला नाही. जात. तिला वाटतं ते भाषणातलं, पुस्तकातलं आहे, जुनं, संपलेलं.

म्हणून म्हणतो, आत या. पाच पावलं आहेत. कारण सांगू नका हवं तर, माफी मागू नका, दियाला परत तिच्याकडं देऊ नका — नुसतं म्हणा, पोरी, तुझं काही चुकलं नाही. एवढंच. तुम्ही नाही म्हणालात, तर मला तिला सांगावं लागेल. आणि मी सांगितलं, तर सगळंच सांगावं लागेल — तुमचा ईमेलही, आणि तुम्हाला तिची ओळख देऊन बसलेला मीही.

काय? ... नाही, घड्याळ बघू नका. माझ्याकडं बघा.

बाई? ... पर्स राहिली तुमची. हं, ही घ्या.

बरं.

दिया सुटली की बाहेर पाठवतो. जाताना दार ओढून घ्या. पोरगी आत वाट बघतेय, मला जायला हवं.