भरल्या पानावरून

आता तुम्हीच सांगा, माह्यं काय चुकलं? वावराच्या धुऱ्यावरचा म्हसोबा असो का शिवेवरची मरीमाय, साऱ्याइले मी नारळ फोडतो. परवा भंडाऱ्यात वाढता वाढता आमचे रिटायर गुरुजी मले म्हणे, "किती देवं पुजशीन बे? देव एकच हाय!"

मी हसलो. तेवढ्यात त्याइची नजर माह्या बाजूच्या किसनावर गेली.

"तू काऊन इथं बसला? तुमच्या लोकाइची पंगत तिकडं गोठ्यापाशी हाय."

किसना उठून गोठ्याकडं चालला. माह्यं डोकंच सणकलं. पत्रावळ उचलून मी त्याच्यामांगं निंगालो अन् म्हटलं, "गुरुजी, माह्ये देव पन्नास हायेत, पण एकानंबी भरल्या पानावरून माणूस उठवला नाही. तुमचा एकच हाय, तरी त्याले दोन पंगती लागतात?"