मुराकामी-सानची जुनी, फुकुयामाची नवी

नाही, पण मला एक कळत नाही, सल्ला द्यायचा तर धड द्या ना! दोन-दोन तास डोकं खायचं, जुनी कशी चांगली, नवी कशी चांगली, हिच्यात काय आहे, तिच्यात काय नाही, सगळं सगळं ऐकवायचं, आणि मग चहाचा शेवटचा घोट घेऊन उठताना म्हणायचं काय, तर, "शेवटी काय, तुमची मर्जी!" अहो, मर्जी असती तर तुम्हाला कशाला विचारलं असतं? सकाळी उठून गाडी घेऊनच आलो नसतो का?

तुम्हाला सांगतो, अडतीस वर्षं ओनोमिचीच्या गोदीत वेल्डिंग केलं मी. एवढाली जहाजं! पण जहाजाला कधी 'हे की ते' असं विचारावं लागलं नाही. पत्रा समोर यायचा, हा सादामित्सु जोडायचा, संपलं. आणि ती अडतीस वर्षं जाता-येता एखादी दोन सीटची, उघड्या छताची, बुटकी गाडी दिसली की आपली मान वळायची. वळायची म्हणजे काय, सायकलवरून दोनदा पडलोय! तर मार्च महिन्यात निवृत्त झालो, त्या दिवशी आमच्या फुसाएनं अझुकीचे लाल दाणे घालून सणाचा भात केला, पानात मासा वाढला आणि म्हणाली, "अहो, घेऊन टाका ती गाडी. अडतीस वर्षं मान वळवताय, आता कायमची वाकडी व्हायची. वापरलेली का होईना, घ्या. फक्त संत्र्यांच्या हंगामाआधी घ्या, म्हणजे मला बाबांच्या बागेत बसनं जायला नको."

तिचे वडील पलीकडच्या बेटावर, नव्वद वर्षांचे, अजून कात्री घेऊन झाडाखाली उभे राहतात. दोन बस बदलून जायचं, दिवसभर टोपल्या भरायच्या, दोन बस बदलून यायचं. बत्तीस वर्षं जातेय ती. आता बायको एवढं एकच मागते, तर मी काय म्हणालो? म्हणालो, "हंगाम कशाला? महिन्याभरात दारात गाडी!" दारात म्हणजे खाली हं, आमच्या दारात गाडी येत नाही. आमचं घर डोंगरावर, एकशे त्र्याऐंशी पायऱ्या. गाडी राहणार खाली, टोफूवाल्या बाईंच्या शेजारी, भाड्याच्या जागेत.

तर गाड्या दोन, मॉडेल एकच. जुनी म्हणजे पहिल्या पिढीची, दिवे लावले की बेडकासारखे डोळे वर येतात ती. आणि नवी, म्हणजे तीही वापरलेलीच, पण तीन वर्षांची, चौथ्या पिढीची, डोळे बारीक करून रागानं बघते ती. आणि गंमत बघा, किंमत दोघींची जवळजवळ सारखी! म्हणजे तिथंही सुटका नाही. पैशानं तरी ठरवावं, तर तेही नाही!

पहिल्यांदा गेलो आमच्या दोही मेकॅनिककडे. शाळेपासूनचा दोस्त. तो हात पुसत म्हणतो, "इसाओ, लेका, जुनी म्हणजे गाडी! नवी म्हणजे चाकं लावलेला टेलिफोन. जुनीत बसलास की रस्ता थेट ढुंगणाला कळतो." म्हटलं, मग जुनीच घेतो. तर म्हणतो, "घे की. पण गंज बघ हं. दाराखालच्या पट्टीत आतून असतो, बाहेरून दिसत नाही. छताच्या कडेनं पाणी गळतं. सुट्या भागांसाठी वणवण. आणि तुझी ती कंबर..." म्हटलं, मग नवी घेऊ? "नवी? शी! ... पण सुरू होते बाबा रोज. शेवटी काय, तुझी मर्जी!"

बरं! मग ओसाकाहून जावयाचा फोन. शूहेई विम्याच्या कंपनीत आहे, मुलगा गुणी, पण बोलतो असा की जणू प्रत्येक वाक्याखाली आपली सही हवी. "बाबा, मी तक्ता पाठवलाय, चौदा रकाने आहेत. जुन्या गाडीत प्रवाशासमोर एअरबॅगच नाही." मी म्हटलं, "मग?" "मग धडक बसली, तर..." "तर काय?" "तर, म्हणजे आईसाहेब डावीकडे बसणार ना... मी नक्की काही सुचवत नाहीये, बाबा... शेवटी तुमची मर्जी!" आता हे ऐकून माणसानं झोपायचं कसं?

म्हणून फुकुयामाला नवी बघायला गेलो. तिथली विक्रेती, अशी वाकते, अशी वाकते, की मलाही वाकावं लागतं, ती पुन्हा वाकते, मी पुन्हा वाकतो, गाडीपर्यंत पोचेस्तोवर माझी कंबर गेली! आत बसलो. सीट गरम होते! फुसाए म्हणाली, "अगबाई, अंगणातल्या उन्हासारखं वाटतंय हो." चालवली, लोण्यासारखी. कुठं खट नाही, खुट नाही. म्हटलं, हीच. हीच घ्यायची! आणि तेवढ्यात गाडी बोलली की हो माझ्याशी! "आपण थकलेले दिसता. कृपया विश्रांती घ्या." अहो, मी थकलेला नव्हतो, मी खूश होतो! माझं तोंडच तसं आहे, त्याला मी काय करू? अडतीस वर्षं वेल्डिंगचा मुखवटा घातलेला माणूस दिसणार कसा? विक्रेती म्हणते, "ते बंद करता येतं, साहेब." म्हटलं, कसं? तिनं पडद्यावर सहा ठिकाणी बोटं लावली. तोवर आणखी तीन गोष्टी सुरू झाल्या. बाहेर पडताना वाकून म्हणाली, "सावकाश विचार करा, शेवटी आपली मर्जी."

मग जुनी. ती इन्नोशिमा बेटावर, मुराकामी न्हाव्याकडे. न्हावी शहात्तर वर्षांचा, गाडी त्यानं कोरी घेतलेली, एकहाती वापरलेली, दुकानाच्या मागे, चादर पांघरून. आणि हा माणूस गाडी विकत नव्हता हो, मुलगी देत होता! समोर बसवलं मला, गळ्याशी पांढरं कापड बांधलं, म्हणजे केस कापतो आणि बोलतो, दोन्ही एकदम. "पाऊस आला तर बाहेर काढाल?" वस्तरा मानेपाशी! म्हटलं, "छे छे, मुराकामी-सान, पावसात? कधीच नाही!" "छत हातानं उघडावं लागतं, दोन्ही कड्या एकदम. एक आधी, एक नंतर नाही." "एकदम, एकदम." "समुद्रावरून आल्यावर चाकांच्या कमानी आतून धुवाल?" "धुवेन." तेव्हा कुठं चादर काढली. आणि काय सांगू तुम्हाला... लाल. दिवे वर आले, आणि मी साठ वर्षांचा बाप्या, छातीत असं धडधडलं, की फुसाए म्हणाली, "अहो, बसा आधी."

बसलो. बसलो ते ठीक, उठता येईना! एवढी बुटकी! मुराकामी-सान एका हाताला, फुसाए एका हाताला, भाताच्या रोपासारखं उपटून काढलं मला. म्हटलं, विचार करून सांगतो. त्यावर तो? तोही तेच! "शेवटी तुमची मर्जी."

आणि मग सुरू झालं ते! एप्रिल, जुनी. मे, नवी. जूनमध्ये पावसाळा लागला, गळणारं छत आठवलं, नवी. जुलैत ऊन पडलं, बेडकाचे डोळे आठवले, जुनी. ऑगस्टमध्ये विक्रेतीचा फोन, "ती गाडी गेली साहेब, पण तशीच दुसरी आलीय, राखाडी," झालं, आता रंगाचाही प्रश्न! इन्नोशिमाला आठ चकरा झाल्या माझ्या. आणि दर वेळी नुसती गाडी बघून परत कसं यायचं? लाज वाटते! म्हणून दर वेळी केस कापून घ्यायचो. सप्टेंबरमध्ये तो म्हणाला, "सादामित्सु-सान, आता कापायला काही नाही हो, नुसती मान पुसतो."

खालच्या टोफूवाल्या बाई सात महिने रिकाम्या जागेकडे बघून मला विचारायच्या, "आली का हो?" रोज! मी दुसऱ्या जिन्यानं जायला लागलो. त्या जिन्याला दोनशे दहा पायऱ्या!

आणि ऑक्टोबर संपला. हंगाम लागला. पहिल्याच रविवारी फुसाए बसनं गेली. मी घरी, टेबलावर दोन्ही गाड्यांचे फोटो मांडून. संध्याकाळी ती आली, भिजलेली. दुसरी बस चुकली होती, पाऊण तास थांब्यावर उभी. उजवा खांदा धरलेला. संत्र्यांची पिशवी ओट्यावर ठेवली, माझ्या फोटोंकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्हाला गाडी नकोच आहे. तुम्हाला नुसतं ठरवत बसायचंय." आणि आंघोळीला गेली.

मी बसलोच. वाईट वाटलं हो. राग आला असता तरी चाललं असतं, पण खरं होतं ना ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तिला घेतलं, बसनंच, आणि मुराकामी-सानच्या दुकानात शिरल्या शिरल्या म्हणालो, "घेतली! जुनी घेतली! कापड बांधू नका, केस नाहीयेत!" त्यानं वस्तरा पुसला, ठेवला. म्हणाला, "आधी मागचा चढ चढून दाखवा. अर्ध्यात थांबायचं, पुन्हा निघायचं."

आता पंचवीस वर्षं मी गोदीतली, आपोआप गिअर बदलणारी खोकडीच चालवलेली. अर्ध्या चढावर थांबलो. क्लच सोडला, धाडकन बंद. पुन्हा, बंद. तिसऱ्यांदा गाडी मागं यायला लागली, मुराकामी-सान शेजारनं चालत होता, त्यानं डोळे मिटले! आणि मागं संत्र्यांचा ट्रक येऊन उभा. मुराकामी-सान खिडकीशी वाकून म्हणाला, "राग मानू नका, सादामित्सु-सान. गाडी तुम्हाला देता येणार नाही."

तुम्हाला सांगतो, मला तेव्हा काय वाटलं... सात महिने मी 'घेऊ की नको' करतोय, आणि मुराकामी-सानचं आपलं 'देऊ की नको' चाललेलं असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं!

ट्रकवाला भोंगा वाजवतोय. फुसाए म्हणाली, "उतरा हो." मला म्हणाली! दोघांनी मिळून मला उपटलं. ती उजवीकडे बसली, सीट पुढं ओढली, डोक्याला ओढणीसारखा गुंडाळलेला रुमाल काढून फेकला, आणि... गेली. झटका नाही, हिसका नाही. पाण्याचा पेला ठेवला असता तर सांडला नसता. चढ चढली, वळली, दिसेनाशी झाली. आम्ही दोघं म्हातारे रस्त्याच्या कडेला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मुराकामी-सान म्हणतो, "ह्या कुठं शिकल्या?" म्हटलं, "बापाच्या बागेत, गिअरच्या छोट्या ट्रकवर. लग्नाआधी." तो माझ्याकडे वळून म्हणतो, "मग सात महिने तुम्ही का येत होता?"

आली. गाल लाल, केस विस्कटलेले. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघितलं होतं तसं तोंड. मुराकामी-साननं तिलाही विचारलं, "पावसात बाहेर काढाल?" ती म्हणाली, "काढणार की. पाऊस आहे म्हणून संत्री थांबतात का?" मी मनात म्हटलं, संपलं! तर तो म्हणतो, "ठीक आहे. तुम्हाला देतो." मी म्हटलं, "अहो मुराकामी-सान, मी तर पावसात कधीच काढणार नाही म्हणालो होतो!" "तेच ना. तुम्ही नुसते म्हणता. या काढतील, आणि घरी नेऊन पुसतीलही."

फुसाएला विचारलं, "पण जुनीच का गं? ती नवीची गरम सीट..." म्हणाली, "जुनी-नवी मला काय कळतंय? ही चढली." सात महिने! चौदा रकाने! आणि हिचं एका वाक्यात!

कागदांच्या वेळी कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "मालक म्हणून कोणाचं नाव? तुमची मर्जी." मी पेन तिच्याकडे सरकवलं.

आता दर रविवारी बागेत. जाताना पुलावर ती छत उघडते, दोन्ही कड्या एकदम. येताना माझ्या मांडीवर संत्र्यांची टोपली, पायात टोपली, वाऱ्यानं डोळ्यांत पाणी. परवा पुलाजवळ चहाला थांबलो, तर माझ्याच वयाचा एक गृहस्थ आला, गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, आणि हळूच मला म्हणतो, "मीही घेणार आहे हो. दोन्ही पिढ्या बघितल्या असतील तुम्ही. खरं सांगा, जुनी बरी की नवी?"

फुसाएनं गाडी सुरू केली होती. मी टोपली उचलली, वाकलो, कण्हत आत बसलो, आणि म्हटलं, "काय सांगू बाबा... डावीकडची सीट दोन्हींत सारखीच."